जाड दोर

वहिनी,

छोटीच्या डोळ्याची पट्टी सकाळी दहा वाजता बदलायची आहे, दवाखान्यात जाताना कागद विसरू नकोस. बोटीमागे दोराला धरून पाण्यावर घसरायला तिच्या मुठीच्या मापाचं हँडल आणलं होतं, ते माळ्यावर टाकलंय.

दादाच्या मनाला खातंय, की त्याने बोट जोरात वळवली म्हणून दोर तुटला. तसं नाही. बोटीमागे ओढायच्या चौघांच्या हवेच्या ट्यूबला मी एकाच माणसाला ओढायचा बारीक दोर बांधला होता. जाड दोर शेडमध्ये राहिला होता आणि मला परत जायचा कंटाळा आला. तुटलेलं टोक सपकन बोटीत आलं, मागे बसलेल्या आपल्या छोटीच्या तोंडावर.

मी चौकीवर सांगायला चाललोय. दादाला मात्र तूच सांग. त्या दिवशी बोट काढताना त्याने मला विचारलं होतं, "जाड लावलास ना?"

मी "हो" म्हणालो.