राजकन्या घरी का गेली नाही

आबा, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी अजून लंडनला हाउन्सलोच्या त्याच घरात, वरच्या मागच्या खोलीत राहते. माझ्या लग्नानं साखर कारखान्याच्या निवडणुकीतली दोन पॅनेलं एक झाली. मांडवात तुम्ही व्याह्यांना मिठी मारलीत, आणि महिन्याभरात मी विमानात बसले. इथं आल्यावर तिसऱ्या दिवशी, चहाचा कप सिंकमध्ये ठेवत तुमचे जावई म्हणाले, "मला हे लग्न नकोच होतं. वडिलांपुढं बोलता आलं नाही. तिकीट काढून देतो, तू परत जा." मी कोपऱ्यावरच्या दुकानातून फोन कार्ड आणून तुम्हाला फोन लावला. तुम्ही ओरडलात, "मतदान होईपर्यंत तोंडातून शब्द काढू नकोस!" मी काढला नाही. ते एअरपोर्टला शिफ्टवर गेले की मी स्वयंपाकघरात उतरायची, आणि दारात किल्लीचा आवाज आला की वर.

त्या हिवाळ्यात लायब्ररीत इंग्लिशच्या क्लासला जायला लागले. एका दुपारी टीचरनं धडा वाचायला दिला. आठशे वर्षांपूर्वीची डेन्मार्कची राजकन्या, वय अठरा. तिच्या भावाचं आरमार आपल्या बाजूला यावं म्हणून फ्रान्सच्या राजानं तिच्याशी लग्न केलं, आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाला, हिला परत पाठवा. कारण कुणालाच कळलं नाही. धर्मगुरूंच्या सभेनं लग्न मोडलं. तिला तिथली भाषा येत नव्हती, निकाल कळल्यावर ती नुसती "रोम! रोम!" ओरडली, म्हणजे पोपकडे दाद मागणार. राजानं दुसरी केली, हिला मठात आणि मग किल्ल्यात कोंडलं. वीस वर्षांनी राणीचा मान परत मिळाला, नवरा नाहीच. "मग ती घरी का नाही गेली?" टीचरनं विचारलं. मी मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाले, "गेली असती तर राजाचंच खरं झालं असतं."

पुढच्या महिन्यात तुम्ही निवडणूक जिंकलात आणि त्याच आठवड्यात तुमचा फोन आला. इतका खालचा आवाज तुमचा मी कधी ऐकला नव्हता. "पोरी, चुकलं माझं. ये परत. मुंबईला गाडी घेऊन मी स्वतः येतो." मी म्हणाले, "कशाला आबा? आमचं जमलंय आता. मी मजेत आहे." तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात. सहा महिन्यांत तुम्ही गेलात.

हे पत्र गावच्या पत्त्यावर टाकलं तर आई उघडेल, म्हणून टाकणार नाही. तू परत का आली नाहीस, असं तिनं विचारलं की मी आजवर हेच सांगत आले, की आबांनी मला कधी परत बोलावलंच नाही.