दाराजवळची जागा

अहो,

आज संध्याकाळी एजन्सीचा माणूस सही घ्यायला येणार आहे. त्याच्या आधी तुम्हाला सगळं सांगायला हवं. दुपारची जेवणं उरकलीत, आपली सानिका बाहेरच्या खोलीत फोनवर कुजबुजतेय आणि मी ओट्याशी उभी राहून तुम्हाला लिहितेय. बसले तर रडू येईल, म्हणून उभी.

खरं तर तुम्ही असतात तरी काय म्हणाला असतात, ते मला पाठ आहे. ‘बघू.’ लग्न झाल्यापासून हेच ऐकत आले. गिझर घ्यायचा? बघू. गच्चीला पत्रे टाकायचे? बघू. आणि तुमची ती सगळ्यात मोठी ‘बघू’, आपली स्वतःची व्हॅन! दर दसऱ्याला, तुम्ही चालवायचात त्या मालकाच्या व्हॅनला झेंडूचा हार घालायचात आणि म्हणायचात, पुढच्या दसऱ्याला आपल्या गाडीला घालू. किती दसरे गेले हो? मी मोजायचं सोडून दिलं होतं.

तुम्ही गेलात तेही दिवाळीच्या सुट्टीत. शाळेच्या दिवशी कधी खाडा केला नाहीत, जातानासुद्धा सुट्टी बघून गेलात! मुलांचा एक दिवस बुडाला नाही. बुडालो ते आम्ही दोघी.

सुट्टी संपली तशी मालकांनी दुसरा ड्रायव्हर ठेवला. मी मागे, दाराजवळच्या माझ्या जागेवर, मुलांना सांभाळायला पूर्वीसारखीच जात राहिले. तुमच्या सीटवर तो. एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्यात फोन. एकदा बालाजीनगरच्या चौकात त्याने असा काही कट मारला की माझ्या तोंडून निघून गेलं, ‘अहो, हळू!’ आणि माझीच मला लाज वाटली. बाहेर आपण भाजीवाल्यालाही अहो म्हणतो, त्याचं काही नाही. पण त्या गाडीत तो शब्द फक्त तुमचा होता.

मुलांचाही तोच समज होता, आठवतंय ना? मी मागून ओरडायची, अहो थांबा, अहो डबा राहिला, अहो हिला उलटी होतेय. बालवाडीतल्या पिल्लांना वाटलं, या काकांचं नावच अहो. सगळी व्हॅन तुम्हाला ‘अहो काका’ म्हणायला लागली. तुम्ही एकदाही कुणाची चूक दुरुस्त केली नाहीत. पालकसभेत एका आईने तुम्हाला ‘मिस्टर अहो’ म्हटलं, तेव्हासुद्धा नुसती मान हलवलीत.

तर एप्रिलमध्ये पालकांनी मला गेटवर गाठलं. म्हणाले, काकू, त्या माणसाच्या गाडीत आम्ही मुलं बसवणार नाही, तुम्हीच चालवा ना. मला हसूच आलं. पण लायसन्स तर माझ्याकडे सानिका लहान असल्यापासून आहे. मागे लागून काढायला लावलं होतंत. मी म्हणायचे, मला कुठे गाडी हाकायचीय? तुमचं एकच, ‘मला ताप आला तर पोरं कोण नेणार?’ ताप तुम्हाला कधी आलाच नाही. मग मी आरटीओत चकरा मारून प्रवासी गाडी चालवायचा बॅजही काढला. फोटोत मी चिडल्यासारखी दिसते, म्हणजे तुमच्यासारखीच.

मग प्रश्न आला गाडीचा, आणि तिथेच घोडं अडलं.

मालक धंदा आवरताहेत. व्हॅन विकायची म्हणतात. तीच व्हॅन, तुमची! सुधीरभाऊजींनी ऐकलं आणि तडक घरी आले. म्हणाले, वहिनी, ही संधी सोडू नका, तुमच्या बांगड्या आणि माझ्याकडचं थोडंफार घालून जमेल, बाकीचं कर्ज काढू. दुसरी वाट स्वारगेटजवळच्या एका एजन्सीची. ते नवी शाळेची व्हॅन लीजवर देतात. दर महिन्याला भाडं भरायचं, विमा त्यांचा, दुरुस्ती त्यांची, बंद पडली तर त्या दिवसापुरती दुसरी गाडी देणार. पण तीन वर्षं बांधून घेतात. मध्येच सोडली तर दंड. आणि तीन वर्षांनी गाडी त्यांची ती त्यांचीच.

भाऊजी म्हणाले, ‘दादाचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या गाडीवर गेलं. आता तुम्हीपण?’

मला ते लागलं. तुमचेच भाऊ, तुमच्यासारखेच कमी बोलतात आणि नेमकं तिथेच बोट ठेवतात. शिवाय त्यांना मागच्या काचेचं माहीत होतं. सानिका जेवताना म्हणाली होती ना, बाबा, आपली गाडी आली की मागे मोठ्या अक्षरात ‘अहो’ लिहायचं, म्हणजे सातारा रोडवर मागचा माणूस हॉर्न वाजवायच्या आधी तुमचं नाव घेईल. तुम्ही चक्क ‘लिहू’ म्हणालात. ‘बघू’ नाही, ‘लिहू’! मालकांनी त्यांच्या गाडीवर साधं ‘शुभ लाभ’ही लिहू दिलं नव्हतं. एजन्सीवाल्या मुलाला मी फोनवर विचारलं, मागे काही लिहिलं तर चालेल का? तो म्हणाला, ‘मॅडम, बॉडीवर स्टिकर, पेंटिंग काहीच अलाउड नाहीये.’ तिथेच मी मनात ठरवून टाकलं की आपली व्हॅनच घ्यायची. बांगड्या गेल्या तर गेल्या. घालून मिरवायचं तरी कुणासमोर?

पालक तरी किती थांबतील? आज रात्रीपर्यंत सांगा म्हणाले होते, नाहीतर शाळेच्या बसचे पैसे भरून टाकणार. मुलं एकदा बसमध्ये गेली की परत येत नाहीत. आणि इकडे सानिकाने मला न विचारता हिंजवडीच्या एका कंपनीत फोन घेण्याच्या नोकरीला हो म्हणून ठेवलंय. कॉलेज सोडून! मला परवा कळलं. मी विचारलं तर म्हणाली, ‘तुझं जमलं तर नाही जाणार, आई.’ आणि तेही इतक्या शांतपणे! तिच्या कॉलेजची उरलेली दोन वर्षं माझ्या एका सहीला बांधलेली आहेत, कळतंय का तुम्हाला?

म्हणून आज सकाळी आम्ही तिघं व्हॅन बघायला गेलो. बघायला म्हणजे काय, घ्यायलाच. मी तुमच्या सीटवर बसले. आरसा तुमच्या उंचीचा होता. त्या ड्रायव्हरलाही तो धड हलवता आला नव्हता बहुतेक. मी मागे बघायला मान वर केली तर मला नुसतं छत दिसलं, आणि मी तशीच बसून राहिले. भाऊजींनी आरसा माझ्या बाजूला वळवला. ते माझ्या शेजारी, सानिका मागे.

चावी फिरवली. तोच आवाज! अगदी तोच, आधी कुरकुर आणि मग धाप लागल्यासारखा. मला वाटलं, तुम्ही खोकून गाडी चालू केलीत. मी रडले नाही. दुसरा गिअर टाकताना तुम्ही जी हलकी थाप मारायचात ती मारली, पडला गिअर. भाऊजी हसले. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग धनकवडीचा चढ लागला. मध्यावर पुढे पीएमटीची बस थांबली, मी ब्रेक मारला, बस हलली, मी गाडी पुन्हा उचलली. आणि मागे खर्रकन आवाज झाला. दार उघडलं होतं! सरकतं दार पूर्ण मागे गेलेलं, सानिका दाराकडे कललेली, एक हात पुढच्या सीटला घट्ट. मागून टँकर येत होता. मी कशीबशी गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढला आणि आधी मागे वळून बघितलं. पोरीला काही झालं नाही, घाबरू नका. तिच्या मांडीवरची ओढणी तेवढी रस्त्यावर गेली.

भाऊजी उतरले, दार ओढून बघितलं. म्हणाले, ‘लॉक धरत नाहीये, वहिनी. पण होईल दुरुस्त. हे तर पूर्वीपासूनच असं असेल.’

पूर्वीपासूनच! तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. चढ आला की मी दारावर हात आडवा धरायचे. रोज. तुम्ही पुढून म्हणायचात, ‘अगं, चढ आला,’ आणि माझा हात आपोआप तिकडे जायचा. मला वाटायचं, मुलांनी खिडकीतून डोकी बाहेर काढू नयेत म्हणून सांगताय. अहो, म्हणजे इतकी वर्षं मी त्या गाडीत मुलं सांभाळणारी मावशी नव्हते, दाराची कडी होते?

मला इतका राग आला तुमचा! मालकांना तुम्ही सांगितलं असणार, ते म्हणाले असणार करू, आणि तुम्ही म्हणाला असणार बघू. दुसऱ्याची गाडी, किती मागे लागायचं त्यांच्या? आणि आपल्याला दोघांनाही त्याची सवय होऊन गेली. तुमची माझ्या हातावर भिस्त, आणि मला तर पत्ताच नाही. मग पुढे मी बसले, आणि दाराजवळ कुणीच नव्हतं.

दार दुरुस्त होईल हो. भाऊजी खोटं बोलत नाहीत. पण मला भीती वाटली ती वेगळीच. त्या गाडीतल्या आणखी कशाकशाची मला सवय झालीये, ते मला कोण सांगणार? तिची कुरकुर ऐकून मला तुम्ही आठवता. दुसरं कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, बाई, आधी गॅरेजला दाखवा. ज्या गाडीचा प्रत्येक आवाज मला गोड लागतो, त्या गाडीत मी लोकांची लेकरं बसवू? तुम्ही बसवली होतीत, कारण तुम्हाला पर्याय नव्हता. मला आहे.

घरी येऊन एजन्सीत फोन केला. विचारलं, दार कसं लागतं? तो म्हणाला, दार नीट लागलं नाही तर गाडी ओरडत राहते. मी म्हटलं, मग आणा संध्याकाळी कागद. तीन वर्षं म्हणजे सानिका पदवीधर होते आणि तिचं आणखी थोडं पुढे जातं. दंड भरायची वेळ येऊ द्यायची नाही, एवढं माझ्या हातात आहे. भाऊजी अजून जरा फुगलेत. चहा न घेता गेले. येतील, रविवारपर्यंत येतील. बांगड्या कपाटातच आहेत.

नाव मात्र लिहिता येणार नाही. तुमचं एवढं एक ‘लिहू’, तेही राहिलंच. याचं मला वाईट वाटतंय आणि ते वाटतच राहील.

मग एकेका पालकाला फोन लावले. इराच्या आईने फोन इराकडेच दिला. आठवते ना, जिला तुम्ही रोज उचलून चढवायचात, ती आता पहिलीत जाईल. मी म्हटलं, इरा, आता मी गाडी चालवणार आहे हं. ती म्हणाली, ‘मग तुला आता अहो म्हणायचं ना?’ मी म्हटलं, मला काकू म्हण की, पूर्वीसारखं. तर मलाच समजावते कशी, ‘नाही गं काकू. जो गाडी चालवतो ना, त्याला अहो म्हणतात.’

अहो, मी ओट्यावर डोकं टेकून हसले. सानिका धावत आली, तिला वाटलं मी रडतेय. दोन्ही होतं.

तर माझं हे वचन. गाडी दुसऱ्याची राहील, काचेवर अक्षर नसेल. पण शाळा उघडली की सीटचे पट्टे, दार, टायर, रोज सकाळी मी स्वतः बघेन आणि बिघडलं तर ‘बघू’ म्हणणार नाही, त्या एजन्सीवाल्या मुलाचा फोन खणखणवेन. दाराजवळ दुसरी बाई बसेल, पण तिचे हात मोकळे असतील. आणि मागून कुणी ‘अहो’ म्हणून हाक मारली, तर तुम्ही आलात की काय म्हणून मी वळून बघणार नाही. मी पुढे बघत गाडी चालवीन आणि ओ देईन.

बेल वाजली. आला वाटतं तो.

तुमची,
अगं