पुसलेल्या कोडाविषयी

मी, करुणा राजाराम तांबे, वय २८, धंदा गाडीदुरुस्ती, राहणार मिरजोळे, रत्नागिरी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि माझ्याच हाताने लिहीत आहे. सोमवारी माझ्या पित्ताशयातल्या खड्यांचे ऑपरेशन आहे. ते लहान आहे असे डॉक्टरांनी तीनदा सांगितले, कारण मी तीनदा विचारले. तुळसाआत्या म्हणाली, "काय गो बाय, खड्यांसाठी कोण मृत्युपत्र करतं? उद्या दाढ काढायची झाली तर जलदान विधीची तारीखपण काढशील!" तरीही लिहीत आहे.

१. बँकेतली माझी ठेव आईला, सगुणा हिला. त्यातून तिने गुडघे दाखवावेत. नवा मिक्सर घेऊ नये, जुना मी दुरुस्त केला आहे.

२. पान्यांचा संच आप्पांना, म्हणजे वडिलांना. तो त्यांचाच, मी दहावीत असताना त्यांनी दिला. शिकवताना ते उत्तर कधीच सांगत नसत. "वास घे, आवाज ऐक, मग हात लाव," एवढेच म्हणत.

३. गाडीतला बिघाड कोडने दाखवणारा स्कॅनर आणि ते कोड उतरवायची माझी निळी वही धाकटा भाऊ नितेश याला. स्कॅनरवर P0420 आला म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धूर साफ करणारा तो डबा, गेलाच असे त्याने धरू नये. डब्याच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर असतो आणि नंतर एक. पुढच्याचा आलेख वरखाली नाचतो, मागच्याचा जवळजवळ सरळ राहायला हवा. मागचाही नाचत असेल तरी आधी पाइपच्या जोडांवर साबणाचे पाणी मारून बुडबुडे येतात का पाहावे. आपल्या खाऱ्या हवेने जोड गंजतात, तिथून हवा शिरते आणि सेन्सर फसतो. उंदरांनी वायर कुरतडली आहे का तेही पाहावे. डबा बदला, हे गिऱ्हाइकाला सगळ्यात शेवटी सांगावे.

४. शेजारचे पंक्चरवाले अभय मोरे यांनी "पाच मिनिटांत देतो" म्हणून दोन वर्षांपूर्वी नेलेला माझा जॅक ठेवून घ्यावा. ते या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देऊ नये म्हणतात, म्हणून हे बक्षीस न समजता तक्रार समजावी.

५. या कलमाला मला दोन दिवस लागले. गेल्या वर्षी मे महिन्यात मालगुंडच्या प्रमोद मयेकर सरांची गाडी आली होती. स्कॅनरवर दोन कोड होते. सर घाईत, मीही घाईत. वहीत उतरवण्याआधीच मी ते पुसले. P0420 लक्षात राहिला, दुसरा नाही. आप्पांनी नवा डबा बसवला. दुसरा कोड मिसफायरचा होता, हे नंतर कळले. इंजिनच्या एका सिलिंडरमधले पेट्रोल न जळताच पुढे जाऊन डब्यात पेटत होते, आणि तीन आठवड्यांत नवा डबाही आतून वितळला. आप्पांनी विचारले, "कोड कोणी पुसला?" आणि थेट नितेशकडे पाहिले, कारण पूर्वी एकदा त्याने तसे केले होते.

"मी नाय, आप्पा."

"मग काय सरांनी पुसला? परत स्कॅनरला हात लावू नको."

मी गप्प राहिले. नितेश चिपळूणला दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये लागला. दर रविवारी येतो, जेवतो, अंगणात बसतो. आमच्या गॅरेजच्या शेडमध्ये पाय ठेवत नाही.

कोड मी पुसला होता. आप्पांनी नितेशला शेडची किल्ली द्यावी.

६. वरचे लिहून झाल्यावर लक्षात आले की हे कळायला मी मरायला हवे, आणि मी जगले तर नितेश तसाच अंगणात बसणार. म्हणून आज दुपारी कलम ५ आप्पांना वाचून दाखवले. ते गाडीखाली होते. बाहेर आले आणि बराच वेळ हात पुसत राहिले.

"दीड वर्ष?"

"हो."

"आणि मेल्यावर सांगणार होतीस?"

"हो."

"शाणी गो शाणी," असे म्हणून त्यांनी माझ्यासमोरच नितेशला फोन लावला. "रविवारी सकाळी ये. कामाचे कपडे आण." मग म्हणाले, "चुकलो रे मी," आणि फोन माझ्याकडे दिला.

नितेश म्हणाला, "तायडे, मला त्याच दिवशी माहीत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून."

सबब कलम ५ मधले शेवटचे वाक्य माझ्या मरणाची वाट न पाहता येत्या रविवारपासून लागू समजावे. स्कॅनर मात्र मी असेपर्यंत माझाच.

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली:
१. तुळसा भागोजी जाधव (आत्या, हसत सही केली)
२. अभय मोरे (कलम ४ वाचून सही केली)

सही: करुणा राजाराम तांबे
मिरजोळे, रत्नागिरी
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५