बोलणारा मीटर

३ नोव्हेंबर, सोमवार

उडालाच शेवटी! दुरुस्तीला आलेल्या इन्व्हर्टरचा बोर्ड टेबलावर, व्होल्ट मोजायच्या मीटरच्या दोन्ही तारा माझ्या हातात. टोकं बरोबर जागेवर टेकवली होती. आकडा बघायला मान वळवली आणि एक टोक घसरलं. निळी ठिणगी, फटाक्यासारखा आवाज, जळका वास. बोर्ड मेला.

अवंती आतून धावत आली. “आई, काय झालं?”

“काही नाही ग. फ्यूज.”

इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे पोरगी. फ्यूज असा वाजत नाही, हे तिला कळत नसेल? पण खिडकी उघडली आणि आत गेली.

आधी टोक आणि आकडा एकदमच दिसायचे, कधी विचारसुद्धा करावा लागला नाही. आता नळीतून बघितल्यासारखं होतं. आकडा बघावा तर टोक गायब, टोक बघावं तर मीटर गायब. नवरात्रात एकटीच जाऊन डॉक्टरांना दाखवून आले. डोळ्यांचा पडदा कडेकडेने वाळत चाललाय म्हणाले. औषध नाही. नळी बारीक होत जाणार.

घरात सांगितलेलं नाही. जनार्दन कोयलीला रिफायनरीत, सुरक्षा विभागात. अशा नवऱ्याला कळलं की त्याच दिवशी माझं टेबल माळ्यावर जाईल. लग्न होऊन बडोद्याच्या दांडिया बाजारात आले ते कुणाची तरी सून, कुणाची तरी वहिनी म्हणून. या पुढच्या खोलीत मात्र लोक मला माझ्या कामासाठी शोधत येतात. ते गेलं तर —

नको. आज इतकंच.

४ नोव्हेंबर

सापडला! फोनवर अक्षरं मोठी करून शोधत बसले होते. बोलणारा मीटर — आकडा कानात सांगतो. नजर टोकावरून हलवायचीच नाही!

परदेशातल्या दोघी बहिणी बनवताहेत. म्हणजे बनवणार आहेत. लोकांनी आधी पैसे भरायचे, ठरलेली रक्कम जमली तर काम सुरू. सोळा तारखेपर्यंत जमली नाही तर ज्याचे त्याला परत, आणि मीटर नाहीच.

व्हिडिओत तो एकदा बोलला. इंग्रजीत, जरा चिरक्या आवाजात — बारा पॉइंट चार व्होल्ट. पुन्हा लावून ऐकलं. रडू आलं. यंत्राचा आवाज ऐकून रडणारी बाई मीच असेन!

५ नोव्हेंबर

पैसे आहेत. माझ्या कमाईचे आहेत. भरायचे कसे? तिथे चालतं फक्त क्रेडिट कार्ड! आमच्या घरात ते कधी आलंच नाही. जनार्दन म्हणतो, उसनवारी खिशात घेऊन हिंडायचं नाही.

माझं एटीएम कार्ड घालून बघितलं. लाल अक्षरं. परत घातलं. परत लाल. यूपीआयचं तर तिथे नावसुद्धा नाही. इथे कोथिंबिरीची जुडी स्कॅन करून मिळते, आणि तिथे मी पैसे घेऊन उभी आहे तर कुणी घेत नाही.

७ नोव्हेंबर

बँकेत गेले. काउंटरवरचा मुलगा चांगला होता. “बेन, पगारनी स्लिप जोइशे.”

मला कोण देतंय पगार!

मग म्हणाला, एफडीवर कार्ड मिळतं. जीव भांड्यात पडला — आणि लगेच बाहेर आला. एफडी दोघांच्या नावावर, साहेबांची सही पाहिजे. कार्ड हातात यायला पंधरा-वीस दिवस. म्हणजे सही मिळाली तरी सोळा तारीख गेलीच.

बाहेर पडताना पायरी दिसली नाही. थेट रिक्षापुढे. रिक्षावाला ओरडला, “ओ माजी, दिखता नहीं क्या?”

नाही दिसत. खरंच नाही दिसत रे बाबा.

८ नोव्हेंबर

त्या बहिणींनाच लिहिलं. त्यांच्या पानाखाली प्रश्न विचारायला एक चौकट आहे. मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं — माझ्याकडे कार्ड नाही. मी बडोद्यात बोर्ड दुरुस्त करते. माझी नजर जाते आहे. घरी माहीत नाही. दुसऱ्या कुठल्या मार्गाने पैसे पाठवता येतील का? खाली नाव, गाव.

बटण दाबल्यावर हलकं वाटलं. कुणाला तरी सांगितलं एकदाचं!

९ नोव्हेंबर, रविवार

उत्तर नाही. धीर धरवेना. सयाजीगंजला उत्कर्षावन्संकडे गेले. जनार्दनची थोरली बहीण. विम्याच्या कचेरीत मोठ्या जागेवर, पर्समध्ये दोन-दोन कार्डं.

म्हटलं, माहेरच्या भाच्याला एक मीटर भेट द्यायचाय, तुमच्या कार्डावरून भरा, मी रोख देते.

“परदेशातलं आहे? फसवतात ग,” म्हणाल्या. “लिंक पाठव. आधी बघते मी.”

तिथल्या तिथे पाठवली. चहासुद्धा गोड लागला आज.

१० नोव्हेंबर

वन्संचा फोन नाही. दिवसभर कान तिकडेच.

११ नोव्हेंबर

फोन आला.

“स्नेहलता, नजर कुणाची जाते आहे?”

“म्हणजे?” मी म्हटलं.

“तिथे खाली लिहिलंय. तुझं नाव आहे. गाव आहे.”

मला वाटलं होतं, ते पत्र आहे! त्या दोघींना पोचेल, त्या वाचतील. ते तर पानाखाली सगळ्या जगाला वाचायला चिकटवलेलं!

“भाच्यासाठी म्हणालीस. माझ्याशी खोटं बोललीस.”

“वन्सं, चुकले. पण पैसे भरा ने. पाया पडते तुमच्या.”

“जनार्दनला सांग. तो हो म्हणाला की त्या मिनिटाला भरते. भावापासून लपवून मी काही करणार नाही.”

वाईट नाहीत वन्सं. हेच अवघड आहे.

१३ नोव्हेंबर

सांगितलं.

पाटावर बसल्यासारखा ताठ बसून ऐकलं जनार्दनने. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. “शॉक लागलाय कधी?” विचारलं. मी हो म्हटलं. उठला, पुढच्या खोलीचा मेन स्विच बंद केला.

“अशा माणसाला मी प्लांटच्या गेटात घेत नाही.”

“मी प्लांट नाही, जनार्दन. मीटर आला तर सगळं —”

“मीटर-बिटर काही नाही. डोळे सांभाळ.”

सांभाळून काय करू? सांभाळले तरी जाणारच आहेत! हे तोंडावर आलं होतं. गिळलं.

अवंती भिंतीला टेकून उभी होती. निदान ती माझ्या बाजूने बोलेल असं वाटलं होतं. आत निघून गेली.

१४ नोव्हेंबर

दुरुस्तीला आलेले दुकानदारांचे बोर्ड जनार्दनने स्वतः खोक्यात भरले. खाली-वर मऊ कागद घातला, दोऱ्या बांधल्या, स्कूटरवरून परत देऊन आला. तब्येत बरी नाही असं सांगितलं म्हणे.

इतकं नीट बांधलं होतं. त्याचाच जास्त राग आला.

१५ नोव्हेंबर

स्वयंपाक केला. जेवले. काय लिहू?

१६ नोव्हेंबर, रविवार

मीटरसाठी पैसे घेणं बंद झालं. रक्कम जमली नाही. माझे पैसे पोचले असते तरी कमीच पडली असती. हे बघून बरं वाटायला हवं होतं.

१८ नोव्हेंबर

बहिणींचं उत्तर आलं! आता!! आधी उत्तर द्यायला सवड झाली नाही म्हणून माफी मागितली आहे. हाताने जोडलेले नमुन्याचे थोडे मीटर त्यांच्याकडे आहेत, ते गरजूंना द्यायचं ठरवलंय. कार्ड लागणार नाही. बँकेतून बँकेत पाठवलं की झालं.

जनार्दनला वाचून दाखवलं. चहा पीत होता. कप खाली ठेवला आणि म्हणाला, “गुरुवारी रजा टाकलीये. डॉक्टरांकडे जाऊ.” बस.

पैसे माझ्या खात्यात आहेत. उद्या जाऊन पाठवूही शकते. पण मागवून ठेवू कुठे? वीज तोडलेल्या खोलीत? आणि कुणाचं काय दुरुस्त करू? आता कोण आणून देणार आहे?

उत्तर लिहायला घेतलं. दोन ओळी लिहून पुसल्या.

२० नोव्हेंबर

डॉक्टर म्हणाले, हे रक्तातून येतं, मुलीलाही तपासून घ्या. घरी येऊन अवंतीला म्हटलं, उद्या तुझेही डोळे दाखवू — नुसतं आपलं म्हणून.

“मला माहीत आहे, आई,” म्हणाली. “संध्याकाळी कॉलेजच्या जिन्यात पायऱ्या दिसत नाहीत. दोन वर्षं होतील.”

“अग, मग बोलली का नाहीस?”

“तू तरी कुठे बोललीस?”

जनार्दन बूट काढत होता. एक पायात, एक हातात, तसाच बसून राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “त्या बायकांना लिही. दोन मागव.”