चंद्रप्रभेचं पातेलं

मुनिरका, शनिवार

तीर्थरूप भानुमतीआत्यास,

ऋग्वेदचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? मयूर विहारच्या जिन्याशी तुझं भांडण मिटलं का? (लिफ्टवाल्याची वाट बघू नकोस, तो दिवाळीला उगवेल.) माझी तब्येत उत्तम आहे, फक्त भीती वाटते. तीही भर दुपारी.

सोमवारी विद्यापीठात डेटाबेसची तोंडी परीक्षा आहे. बाकीच्यांनी प्रोजेक्टला वाचनालयं, हॉटेलं घेतली. मी हौसेने आपलं घराणं घेतलं. एका तक्त्यात माणसं, दुसऱ्यात घरातल्या वस्तू, प्रत्येक वस्तूपुढे तिचा मालक. (हे आपल्याकडे सोपं. नाव घातल्याशिवाय आपण भांडं वापरतो कुठे?) काही नावं बाबांनी दिली, काही गावाहून गुलाबराव आजोबांनी. बाबांची बहीण म्हणून बाबांनी भानुमती सांगितलं, आजोबांनी चंद्रप्रभा. म्हणजे बहिणी दोन, असं धरून मी दोन्ही भरल्या. तुला बहीण होती हे तू कधी बोलली नाहीस.

तर या चंद्रप्रभेचा जन्म आहे आणि पुढे काहीच नाही. लग्न नाही, पत्ता नाही, मृत्यू नाही. जिवंत आहे पण पत्ता नाही असं कोण, हे डेटाबेसला विचारलं तर सगळ्या घराण्यातून ती एकटी आली. माझा रूममेट सुधन्वा म्हणाला, "यार, डिलीट कर." केलं. तर उत्तर आलं की ही नोंद काढता येणार नाही, हिची एक वस्तू अजून घरात आहे. वस्तू म्हणजे मी दिल्लीला निघताना बाबांनी दिलेलं पातेलं. त्यावर "चंद्रप्रभा" असं कोरलं आहे, आणि आम्ही तेव्हा त्यातलीच खिचडी खात होतो. सुधन्वाने हातातला घास खाली ठेवला. त्याला असं करताना मी प्रथमच पाहिलं.

काल सकाळी त्यानेच तिला वस्तूसकट काढून टाकलं आणि आम्ही सुटलो म्हणत कॉलेजला गेलो. परत आलो तर फळीवर पातेलं नव्हतं. त्या जागी लाडवांचा डबा. घरमालकीण (दुसरी किल्ली तिच्याकडे असते) शांतपणे म्हणाली, "एक बुज़ुर्ग औरत आई थीं. नाम चंद्रप्रभा बताया. बर्तन देखकर बोलीं, यह तो मेरा है, और ले गईं." आत्या, सुधन्वाने दोन लाडू खाल्ले आणि अजून तरी बरा आहे. मी डब्याला हात लावलेला नाही. मी तुझ्याकडे राहायला येऊ का?

तुझा,
ऋग्वेद

ता. क. आत्ता बाबांचा फोन लागला. ते खूप हसले. तुझ्या लग्नात तांदळात नवं नाव लिहिलं, आणि जुनं नाव कोरलेलं पातेलं सासरी कसं द्यायचं म्हणून माहेरीच ठेवलं, असं म्हणाले. लाडू मेथीचे निघाले. मेथीचे लाडू तूच करतेस, मी तुला तिथेच ओळखायला हवं होतं.

ता. क. २. पातेलं तुझ्याकडेच ठेव. फक्त सोमवारच्या आत एक सांग. काढलेली नोंद परत भरून दोन्हींची मिळून एक करायची आहे. नावाच्या रकान्यात एकच नाव बसतं. तुला हे कुणी कधी विचारलं नसेल, म्हणून मी विचारतो. कोणतं लिहू?

ता. क. ३. एक करायला बसलो तर काढून टाकलेली चंद्रप्रभा परत आलेली आहे. पत्ता मयूर विहार. पातेलंही आहे. भानुमती कुठेच नाही. सुधन्वा म्हणतो त्याने हात लावला नाही, आणि मीही लावला नाही. सोमवारी हे असंच दाखवणार आहे.