हर्लिंगच्या काठीला नमस्कार

आइंडहोव्हन, १२ मे २०१६

ती. वृंदाताईस सा. न.,

सिस्टर उना पायघोळ झगा कमरेला खोचून आपल्याला त्यांच्या आयर्लंडचं हर्लिंग शिकवायच्या, आठवतं? वाकड्या काठीने चेंडू उडवताना तू शाळेची कौलं फोडली होतीस!

काल इथे लहान मुलांना तोच खेळ शिकवत होते. शाळा बदलल्यापासून आपली नात स्वानंदी कुणात मिसळत नाही, म्हणून मीच तिला नेलं. माझं बोट सोडेना. कशीबशी मैदानात गेली, तर काठी हातातून पडली आणि तिला पाय लागला. घरच्या सवयीने स्वानंदीने वाकून काठीला नमस्कार केला.

मुलांना वाटलं, खेळाचा नियमच आहे! सगळी मुद्दाम पाय लावून नमस्कार करू लागली. आयरिश मास्तरांनीही केला.

"आजी, कुणालाच नीट येत नाहीये!" ती ओरडली, तेही मराठीत, आणि शिकवायला धावली. मी हसता हसता डोळे पुसले.

शेजारचा प्रणव रविवारी पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर थोडा खाऊ आणि हर्लिंगचा एक चेंडू पाठवतेय. चीज भावजींना, पण बेताने. बीपी कसा आहे त्यांचा? बिस्किटं शिवांगीला. चेंडू शाळेत सिस्टर उनांच्या तसबिरीपुढे ठेव. वाटेत त्याला पाय लागला, तर काय करायचं ते तुला ठाऊक आहे.

अजून तुझ्यामागे धावणारी,
मृणाल