वांगी, कांदे आणि शिपूची दोन पानं

१२ जून २००१
आजपासून अरबी. वय त्रेचाळीस. घरात मराठी, शाळेत भूगोल शिकवते तो कन्नडमधून, आणि आता ही तिसरी. वही मागून उघडायची, उजवीकडून डावीकडे जायचं. हात सारखा उलटा पळत होता. दावलसाहेब (इथून पुढे दा. सा.) म्हणाले, "जल्दी नक्को, टीचरबाई." सत्तरीचे आहेत, आखातात एका बंदरावर बावीस वर्षं कारकून होते. लॅमिंग्टन रोडवरच्या (मुंबईतला नव्हे, इकडचा) माझ्या शाळेतून त्यांच्या घरी चालत दहा मिनिटं. मंगळवार, शनिवार, शाळा सुटल्यावर. मग बसनं घरी, धारवाडला.
का शिकायचंय, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

१४ जुलै
वहीत तरी लिहून ठेवावं. शिपू जाऊन दोन वर्षं झाली. माझा धाकटा भाऊ, आखातात इलेक्ट्रिशियन. त्याच्या शवपेटीबरोबर तिकडून दोन पानं आली, हातानं लिहिलेली, दोन्ही अरबीत, दाट. त्याला तिकडे पाठवणाऱ्या एजंटानं मुंबईहून भाषांतर करून आणलं ते साडेतीन ओळींचं. हृदय बंद पडून मृत्यू.
वीस वर्षं पेपर तपासतेय. दोन पानांच्या उत्तराचा सारांश साडेतीन ओळींत बसवणाऱ्यानं काहीतरी गाळलेलं असतं. पस्तिशीचा माणूस, साधी सर्दी व्हायची नाही त्याला.
वहिनी, त्याची बायको, अळणावरला माहेरी असते. फोनवर म्हणाली, आक्का, वाचून तो परत येणार आहे का. तिचंही बरोबर. पण ती पानं माझ्या ट्रंकेत आहेत आणि मला ती उघडता येतात, वाचता येत नाहीत, हे आता सोसवत नाही.

४ ऑगस्ट
दा. सा.नी गृहपाठ दिला: रोजची बाजाराची यादी अरबीत. वांगी, कांदे, लिंबं, साखर. मी शिकाऊ, म्हणून अक्षरांच्या वर-खाली उच्चाराच्या खुणा सगळ्या लावायच्या. चाचणी परीक्षेच्या उरलेल्या कोऱ्या अर्ध्या कागदांवर लिहिते. सप्तापूरची भाजीवाली विचारते, काय मंत्र आणलाय आज?
दा. सा. म्हणाले, लहानपणी मशिदीत सगळ्यांसारखं वाचायला शिकलो, अर्थ कुणी सांगितला नाही, आम्ही विचारला नाही. अर्थ कळायला लागला बंदरावर, मालाच्या पावत्या वाचताना. पहिला समजलेला शब्द "खिळे".
आमचे अप्पा रोज सकाळी तासभर संस्कृत म्हणायचे. मी एकदा अर्थ विचारला, तर पाठीत धपाटा.

२१ ऑगस्ट
दोन पानं घेऊन गेले. सगळं सांगितलं. दा. सा.नी चष्मा लावला, हात पुढे केला. पाच मिनिटांचं काम त्यांचं. आणि मी कागद मागे ओढला. मलाच कळलं नाही का. लाजही वाटली.
मग म्हटलं, एजंटानं वाचून सांगितलं, भाषांतरवाल्यानं वाचून सांगितलं. आता तुम्ही सांगाल, ते खरंच असेल, पण पुन्हा सांगितलेलंच असेल. मला माझ्या डोळ्यांनी वाचायचंय.
त्यांनी चष्मा काढला. मग पलंगाखालून एक पत्र्याची पेटी ओढली. बंदरावरच्या जुन्या पावत्या, सगळ्या हातानं लिहिलेल्या. "छापील बहुत हुआ. अब हाथ का लिखा सीखो." आज सिमेंट आणि खजुरांची एक पावती वाचली. पाऊण तास लागला. बसमध्ये हसत बसले होते, शेजारची बाई सरकून बसली.

१८ सप्टेंबर
गेल्या मंगळवारी अमेरिकेत त्या इमारती पडल्या आणि आज आमच्या जिन्यात त्यांची धूळ पोचली. खालचे घरमालक अण्णा, रिटायर्ड, सज्जन, माझ्या तापात कषाय, म्हणजे काढा, करून देणारे. टीव्ही बघून वर आले. खिडकीत माझी वही उघडी होती. बघून दोन पायऱ्या मागे गेले.
"याक बेक्री निमग ई उसाबरी?" कशाला हवीय ही उसाभर.
म्हटलं, अण्णा, शिकतेय. ते म्हणाले, फ्रेंच शिका की, जर्मन शिका. जर्मनांनी जगात काय कमी केलं, ते मी भूगोलाची असूनही सांगू शकले असते. गप्प बसले. आता वाईट वाटतंय की गप्प का बसले.
तिकडे दा. सा.नासुद्धा त्यांच्या गल्लीत दोघांनी विचारलं, हिंदू बाईला हे कशाला देता? त्यांचं उत्तर मला फार आवडलं: "बोला मैं, बंदरगाह की जबान है, किसी के बाप की नै."

२९ सप्टेंबर
आज जे झालं ते नीट लिहिते.
कालची यादी पिशवीतून जिन्यात पडली. अण्णांच्या जावयाला सापडली. त्यानं ती चिमट्यात धरून चौकीवर नेली, हातानं नाही. सकाळी शिपाई मला बोलवायला आला. गल्लीनं दारं उघडून बघितलं.
चौकीत फौजदार, अण्णा, जावई. टेबलावर माझा कागद, त्यावर पेपरवेट. मी सांगितलं, भाजीची यादी आहे. फौजदार म्हणाले, ते आम्ही ठरवू. वाचणारा म्हणून कोपऱ्यावरच्या मौलालीला आणलं, टेलर, माझे ब्लाउज तोच शिवतो. बिचारा मापाची टेप गळ्यात तशीच ठेवून आला होता.
मौलालीनं कागद दोन्ही हातांनी उचलला, डोळ्यांना लावला. आणि मशिदीत शिकवतात त्या सुरात, लांबवून, गोड, वाचायला लागला. खुणा सगळ्या होत्या, अडला नाही कुठे. शिपाई सरळ उभा राहिला. अण्णांनी, देवमाणूस, नकळत चपला काढल्या. जावयाचं तोंड पांढरं. फौजदारांनी पेन खाली ठेवलं. आवाज इतका छान की क्षणभर मलाही वाटलं, मी हे लिहिलंच कसं.
संपल्यावर फौजदारांनी विचारलं, अर्थ काय?
"पढ़ता हूँ साब. समझता नै."
मी म्हटलं, "वांगी अर्धा किलो. कांदे एक किलो. लिंबं चार. साखर."
पहिला हसला मौलाली. मग शिपाई. अण्णांनी चपला पायात सरकवल्या आणि मग ते माझ्याकडे बघेनात. माझी चूक तिथंच झाली असेल, मीही हसले. माणसाला भ्यायलेलं चालतं, आपल्या भीतीला कुणी हसलेलं चालत नाही.
फौजदारांना तर मुळीच नाही. म्हणाले, बाई, दिवस वाईट आहेत, यापुढे असलं लिहिणार नाही असं लिहून द्या आणि जा. मी म्हटलं, लिहून देते, पण लिहीत राहणार असं देते. कन्नडमधून हवं की मराठीतून? अरबीतही येईल, दोन-तीन चुका होतील.
शेवटी काही न लिहिता सोडलं. बाहेर मौलालीला म्हटलं, आण तो कागद, फाडते. त्यानं दिला नाही. वांगी असली तरी अक्षरं तीच ना, म्हणाला. मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय.

३० सप्टेंबर
अण्णा आले. खुर्चीवर बसले नाहीत. एक तर ते शिकणं बंद, नाही तर महिन्याची मुदत, ऑक्टोबरअखेर खोली सोडा. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मला राग धड करता येईना.
अप्पांची आठवण आली. मी लहान असताना आमच्या दारावरच्या मराठी नावाच्या पाटीला कुणीतरी डांबर फासलं होतं. अप्पा कोर्टातले कारकून, भांडण ठाऊक नसलेला माणूस. रॉकेलनं पाटी पुसली, परत तिथंच ठोकली. शेजारी म्हणाले, कन्नडमध्ये करून घ्या, कटकट नको. अप्पा म्हणाले, कन्नड मी बोलतोच की, कुणाच्या भीतीनं कशाला बोलू? आणि शेजाऱ्यांशी कन्नडमधून गप्पा मारत बसले.
वही खिडकीतच ठेवलीय.

२० ऑक्टोबर
पहिलं पान वाचलं.
खोटं का बोला, पावत्या वाचता यायला लागल्या त्याला तीन आठवडे झाले. ट्रंक उघडत नव्हते. अण्णांवर, फौजदारावर चिडणं सोपं होतं. आज लक्षात आलं की शिकणं मला पुरत होतं, वाचायचं मीच टाळत होते.
आज उघडली. वरच शिपूचं नाव, ओळखायला दोन मिनिटं लागली आणि मग दिसतच नाहीसं झालं, डोळे पुसावे लागले. तारीख, वेळ, कंपनीचं नाव. मग: सहावा मजला. मग: कठडा नव्हता.
साडेतीन ओळींत मजला नव्हता. हृदय होतं फक्त.
पान तिथंच संपतं. कोण काय म्हणालं, ते दुसऱ्यावर. वहिनीला फोन केला, इतकंच सांगितलं. ती म्हणाली, पुढचं वाचू नकोस. एकटी वाचू नकोस.

२८ ऑक्टोबर
रविवार. तीन दिवस उरले. सप्तापुरात चार खोल्या बघितल्या, चौघांनी आधी विचारलं, त्या अरबीवाल्या टीचर तुम्हीच का. चौघांना हो म्हटलं. सामान बांधलेलं नाही. अण्णा काल जिन्यात घुटमळले आणि परत खाली गेले.
दुपारी वहिनी आली, अळणावरहून, न कळवता. चहा घेतला नाही. ट्रंकेपाशी बसली आणि म्हणाली, "काढ."
दुसरं पान दोघींच्या मध्ये आहे. ती म्हणते, आधी तिकडचं वाच, जसं लिहिलंय तसं. त्याच्या कानावर शेवटी तीच भाषा पडली असेल. मग मराठीत सांग.
मी म्हटलं, अडखळेन. ती म्हणाली, अडखळ.
खाली अण्णांचं दार वाजलं, ते अंगणात आलेत, खुर्ची सरकवलेली ऐकू आली. वहिनी विचारतेय, खिडकी लावू का.
राहू दे म्हटलं. मोठ्यानं वाचणार आहे.